समाजशास्त्राच्या प्रवेशाला निबंध हवा

मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये मुळात संस्कृतचे. एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृत शिकवणारा हा तरुण समाजशास्त्राकडे वळला तेव्हा त्याच्याकडे त्या विषयाची पदवी नव्हती, असणं शक्यही नव्हतं. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघाला 1919 साली, देशातला पहिला. तो काढणाऱ्या पॅट्रिक गेडिस यांच्यासाठी घुर्ये यांनी मुंबई शहरावर एक निबंध लिहिला. त्या निबंधाच्या बळावर त्यांना शिष्यवृत्ती मिळाली, ते इंग्लंडला गेले, केंब्रिजला मानवशास्त्रज्ञ रिव्हर्स यांच्या हाताखाली शिकले आणि 1924 पासून पुढची पस्तीस वर्षं त्यांनी मुंबईचा विभाग चालवला. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, ए. आर. देसाई हे सगळे तिथलेच विद्यार्थी. भारतीय समाजशास्त्राचा निम्मा वंशवृक्ष एका निबंधातून फुटला असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नाही.

आज कुणाला जेएनयूत, दिल्ली विद्यापीठात किंवा हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात समाजशास्त्राचं एम.ए. करायचं असेल तर त्याला निबंध कुणी मागत नाही. सीयूईटी-पीजी नावाची पदव्युत्तर प्रवेशाची सामाईक परीक्षा 2022 पासून आली आहे. समाजशास्त्राच्या पेपरात 75 प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकलं तर 1 वजा, वेळ 90 मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था पूर्वी स्वतःची परीक्षा घ्यायची. 2023 पासून तिनेही एम.ए.साठी हीच परीक्षा स्वीकारली, फक्त पुढचा टप्पा आपल्याकडे ठेवला. जेएनयूचं जास्त वाईट वाटतं. तिथल्या प्रवेश परीक्षेत वर्षानुवर्षं दीर्घ उत्तरं लिहावी लागत. 2019 च्या प्रवेशांपासून तिथे पर्यायांवर टिचक्या मारायला लावलं, आणि सीयूईटी येण्याआधीच लिहिण्याची परीक्षा संपली.

माझं म्हणणं सरळ आहे. समाजशास्त्राचा विद्यार्थी पर्यायी प्रश्नांनी निवडता येत नाही. त्याला लिहायला लावलं पाहिजे, आणि महाराष्ट्रातल्या मुलाला ते मराठीत लिहिता आलं पाहिजे.

पर्यायी प्रश्न काय तपासतो ते बघा. ‘प्रभुत्वशाली जात’ ही संकल्पना कोणी मांडली? जोड्या लावा: दुर्खीम, वेबर, मार्क्स, पार्सन्स. खालीलपैकी कोणतं विधान संस्कृतीकरणाला लागू पडत नाही? ही माहिती विद्यार्थ्याला असावीच. पण ती आहे म्हणून तो समाजाकडे बघू शकतो, असं होत नाही. ज्याच्या गावात एकाच जातीकडे बहुतेक पाणी, बहुतेक जमीन आणि सोसायटीचं चेअरमनपद आहे, त्याला ती संकल्पना श्रीनिवासांची आहे हे ठाऊक नसलं तरी ती संकल्पना कशाबद्दल आहे हे पक्कं ठाऊक असतं. परीक्षा त्याला पहिलं विचारते. दुसरं विचारायची तिच्याकडे सोयच नाही.

बीड, धाराशिव, अहिल्यानगरच्या पट्ट्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली मुलं आता बी.ए.ला येतात. त्यांच्या बोलण्यात ‘कोयता’ हा शब्द हत्यारासाठी येत नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. हिशोब होतो तो कोयत्याचा. बाई पहाटे उठून स्वयंपाक करते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावरून ट्रकपर्यंत वाहते. पण उचल घेणारा, अंगठा देणारा, फेडणारा तिचा नवरा. तिची मजुरी वेगळी कधी मोजलीच जात नाही. एकटा तरुण टोळीत गेला तर त्याला अर्धा कोयता म्हणतात, आणि या भागात मुलींची लग्नं लवकर का होतात याचं निदान एक कारण त्या अर्ध्यामध्ये आहे. कुटुंब, श्रम, कर्ज, लिंगभाव, स्थलांतर या पाच विषयांवर पाठ्यपुस्तकात पाच वेगळी प्रकरणं असतात. या मुलाने ते सगळं एका फडात, एका हंगामात पाहिलेलं असतं. त्याला दोन पानं लिहू द्या. त्यातून तो समाजशास्त्रज्ञ होण्याच्या लायकीचा आहे की नाही हे वीस मिनिटांत कळेल. 75 प्रश्नांतून कळेल ते एवढंच की त्याने कोणत्या प्रकाशनाचं गाईड वापरलं.

हे सगळे अनुभवाचे गोडवे नव्हेत. अनुभव आहे म्हणून आपोआप शास्त्र येत नाही; नुसता अनुभव सांगणारे निबंध मी वर्गात ढिगाने वाचले आहेत आणि त्यातले बरेचसे कंटाळवाणे असतात. निबंधात शोधायचं असतं ते वेगळं: स्वतःच्या घरातली गोष्ट सांगताना हा मुलगा एक पाऊल मागे सरकतो का? ‘आमच्याकडे असंच असतं’ या वाक्यानंतर त्याला ‘का’ सुचतं का? हे लिहिण्यातच दिसतं, दुसरीकडे कुठेही नाही.

आता भाषेचं. पदवीच्या प्रवेशाची सीयूईटी 13 भाषांत देता येते आणि त्यांत मराठी आहे. पदव्युत्तर सीयूईटीत भाषांचे पेपर आणि काही अपवाद सोडले तर फक्त इंग्रजी आणि हिंदी. म्हणजे बारावी झालेल्या मुलाला केंद्र सरकार मराठीत प्रश्न विचारू शकतं. तोच मुलगा तीन वर्षं मराठीतून बी.ए. करून आला की नाही. नेटचं, म्हणजे प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेचंही तसंच, दोनच भाषा. आणि गंमत अशी की केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे, 250 गुणांचे दोन पेपर, आणि ते मराठीत लिहिता येतात. जिल्हाधिकारी व्हायला निघालेल्या मुलाचं मराठी समाजशास्त्र दिल्लीत तपासलं जातं. समाजशास्त्र शिकायला निघालेल्याचं मात्र तपासता येत नाही म्हणे.

यावर एक जुना आक्षेप येतो: मराठीतून आत आला तरी पुढे काय? वाचायचं सगळं इंग्रजीत. आक्षेप खरा आहे. पहिल्या सत्रात इंग्रजी लेखांच्या झेरॉक्सच्या गठ्ठ्यासमोर हतबल झालेली हुशार मुलं मी पाहिली आहेत, त्यातली काही परत आली. पण इंग्रजी वाचायला एक वर्षात शिकवता येतं. जेएनयूत त्यासाठी वेगळा कक्षही आहे. समाजाबद्दलचं कुतूहल एक वर्षात शिकवता येत नाही. निवड करताना जे शिकवता येणार नाही ते आधी तपासायचं, की जे सहज शिकवता येईल ते?

पीएच.डी.कडे वळलं तर चित्र आणखी विचित्र. नेट परीक्षेचा तिसरा पेपर पूर्वी दीर्घोत्तरी असायचा. जून 2012 पासून तोही पर्यायी झाला. आणि मार्च 2024 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने जाहीर केलं की पीएच.डी. प्रवेशासाठीही आता नेटचे गुण चालतील. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती, नसलेल्यांसाठी नेटला 70 टक्के वजन, मुलाखतीला 30. त्यानंतरची पहिली परीक्षा 18 जूनला झाली आणि 19 जूनला रद्द झाली, तो भाग सोडून देऊ. मूळ प्रश्न असा की चार-पाच वर्षं एकाच विषयावर लिहिणार असलेल्या माणसाने एकही परिच्छेद न लिहिता मुलाखतीच्या दारापर्यंत पोचावं, ही व्यवस्था कुणाला सुचली? आपल्या राज्यातल्या विद्यापीठांची पेट, म्हणजे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षाही बहुतेक ठिकाणी पर्यायांचीच.

माझ्या बाजूच्या लोकांना न आवडणारा एक मुद्दा आहे, आणि तो सगळ्यात वजनदार आहे. पर्यायी परीक्षा आंधळी असते. तिला आडनाव दिसत नाही. माणसाने माणसाला गुण द्यायचे म्हटलं की काय होतं हे जेएनयूच्याच कागदपत्रांत आहे: 2016 मध्ये प्रा. अब्दुल नाफे यांच्या समितीने लेखी आणि तोंडी परीक्षेचे गुण शेजारी ठेवून पाहिले आणि वंचित गटांतल्या विद्यार्थ्यांना व्हायवात सातत्याने कमी गुण मिळतात, असा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी अनुदान आयोगाने नेमका उलटा नियम आणला. लेखी फक्त पात्रतेपुरती, निवड पूर्णपणे मुलाखतीवर. तो पुढे 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उडवला. तेव्हा ‘माणसाला ठरवू द्या’ असं कुणी म्हटलं की दलित-आदिवासी विद्यार्थ्याने खिशावर हात ठेवणं साहजिक आहे.

पण नाफे समितीने दोषी ठरवली ती तोंडी परीक्षा. लेखीत तीच मुलं चांगली उतरत होती. ती लेखी परीक्षा दीर्घोत्तरी होती, तपासणाऱ्याला नाव दिसत नव्हतं, फक्त हस्ताक्षर. जेएनयूत मागास जिल्ह्यांतून येणाऱ्यांना वाढीव गुण होते ते वेगळेच. म्हणजे उपाय हाताशी होता आणि चालत होता. आपण मुलाखतीचा रोग बरा करायला निघालो आणि लेखणी काढून घेतली. मुलाखत मात्र 30 टक्के शिल्लक ठेवली.

संख्येचा मुद्दा मला तितका पटत नाही. चार लाखांहून जास्त मुलं सीयूईटी-पीजीला नाव नोंदवतात, एवढे निबंध कोण तपासणार? एवढे कुणी तपासायचे नाहीतच. पर्यायी परीक्षा चाळणी म्हणून ठेवा, जागांच्या पाच-सातपट मुलं वर काढा, त्यांना एका दिवशी केंद्रावर बसवून लिहायला लावा. लोकसेवा आयोग हेच करतो. आणि आपल्या एमपीएससीने काय केलं? राज्यसेवेची मुख्य परीक्षा पर्यायी होती ती वर्णनात्मक करायचं ठरवलं. पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली, म्हणून अंमलबजावणी 2025 वर गेली, पण निर्णय फिरला नाही. तहसीलदार निवडायला लिहून घेणं आवश्यक आहे हे राज्याला कळलं आहे. समाजशास्त्रज्ञ निवडायला नको?

परदेशी विद्यापीठांचं याच्या अगदी उलट. अमेरिकेतल्या समाजशास्त्राच्या पीएच.डी.ला अर्ज करायचा तर जीआरई ही तिकडची प्रवेश परीक्षा हल्ली अनेक विभाग मागतच नाहीत. ते मागतात स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे सगळे ज्याला एसओपी म्हणतात तो लेख, शिवाय स्वतःच्या लिखाणाचा वीसेक पानांचा नमुना आणि तीन शिफारसपत्रं. प्रश्न एकच असतो: तुला काय शोधायचं आहे, आणि ते आमच्याकडेच का? प्रश्न शंभर टक्के योग्य आहे. घुर्यांना गेडिसने जवळपास हेच विचारलं होतं. पण तो ज्या रीतीने विचारला जातो ती रीत ठरावीक कॉलेजांतल्या मुलांनाच माहीत असते.

आमच्याकडच्या मुलाचा पहिला एसओपी कसा असतो ते सांगतो. ‘लहानपणापासून मला समाजसेवेची आवड आहे’ इथून सुरुवात. मग विद्यापीठाची स्तुती. मग आई-वडिलांचे कष्ट. शेवटी देशसेवेचं वचन. हा लेख वाईट नाही. तो दुसऱ्याच कुणाला उद्देशून लिहिलेला आहे, स्कॉलरशिप देणाऱ्या दानशूर सेठला. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की समोर एक प्राध्यापक बसली आहे, तिला दया नको आहे, तिला एक प्रश्न हवा आहे आणि तो प्रश्न तिच्या विभागात कोण हाताळतं हे तुला माहीत आहे का, हे बघायचं आहे. त्याच मुलाने चहाच्या टपरीवर कोयत्याचा हिशोब समजावून सांगितलेला असतो. तो एसओपीत कुठेच नसतो, कारण ‘ते काय लिहायचं, ते तर सगळ्यांनाच माहीत आहे’.

शिफारसपत्रांची तऱ्हा वेगळी. आपल्या बहुसंख्य कॉलेजांत सर म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ मुलगा लिहितो: प्रामाणिक, आज्ञाधारक, वक्तृत्व स्पर्धेत दुसरा. तिकडे निवड समिती वाचते आणि बाजूला ठेवते, कारण तिथे आज्ञाधारक हा गुण नाही. त्यात अनेक ऑनलाइन पोर्टलना शिक्षकाचा संस्थेच्या नावाचा ईमेल हवा असतो आणि तालुक्याच्या कॉलेजातल्या सरांचा असतो साधा जीमेल. अर्जाचं शुल्क साधारण 75 ते 125 डॉलर, म्हणजे सात ते अकरा हजार रुपये, तेही एका विद्यापीठाचं. फी माफी मागता येते, पण अनेक ठिकाणी ती फक्त तिथल्या नागरिकांना. ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी, विद्यापीठाच्या खिडकीवर रांग. आणि मुदत बहुतेक डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे आपल्याकडे सत्र परीक्षा आणि निकाल यांच्या गोंधळात. हे सगळं ज्याच्या घरात आधी कुणी केलेलं आहे त्याला हे काम वाटतं. ज्याच्या घरात कुणी केलेलं नाही त्याला ही भिंत वाटते.

यवतमाळहून सुरू झालेल्या एकलव्य संस्थेसारखे लोक या भिंतीत दारं पाडतात. पहिल्या पिढीतल्या मुलांना अर्ज कसा लिहायचा हे कार्यशाळांतून शिकवतात, आधी गेलेल्यांना नंतर जाणाऱ्यांशी जोडून देतात. हे काम मोलाचं आहे. पण ते एका स्वयंसेवी संस्थेवर का पडावं? विद्यापीठांत प्लेसमेंट सेल असतो, कंपन्यांसाठी. समाजशास्त्राच्या मुलाला पुढच्या शिक्षणाचा अर्ज लिहायला मदत करणं हे कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं.

बरं, भिंत ओलांडली तरी पैसा. सामाजिक न्याय मंत्रालयाची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप प्रामुख्याने अनुसूचित जातींच्या, भटक्या-विमुक्तांच्या आणि भूमिहीन शेतमजुरांच्या मुलांसाठी. फेब्रुवारी 2022 मध्ये तिच्या नियमांत एक बदल झाला: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय घेऊन परदेशी जायला ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. समर्थन असं की हे विषय भारतातच चांगले शिकता येतात. मग 9 मे 1916 ला न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात भारतातल्या जातींच्या उगमावर निबंध वाचणाऱ्या तरुणाला आपण काय सांगितलं असतं? भीमराव आंबेडकरांना सयाजीराव गायकवाडांनी महिना साडेअकरा पौंड दिले. जात सोडून दुसरा विषय घे अशी अट त्यांना घातली असती तर तो निबंध झालाच नसता. या नियमाचा फटका नेमका समाजशास्त्राला बसतो. अभियांत्रिकीवाल्याला तो जाणवतही नाही. ऊसतोडीच्या फडातून आलेल्या मुलीने ऊसतोडीवरच काम करायचं म्हटलं तर सरकारी पैशाने तिला परदेशात ते करता येणार नाही. तिकडच्या गोऱ्या संशोधकाला मात्र त्याच्या सरकारच्या पैशाने बीडला येता येईल.

राज्यातही सूर फार वेगळा नाही. डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात सारथी या मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी संस्थेच्या फेलोशिपवर चर्चा चालू असताना तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवारांनी पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असं विचारलं. टीका झाल्यावर खुलासाही झाला. मला तो प्रश्न अपमानापेक्षा प्रामाणिक वाटला होता. राज्यकर्त्यांना खरंच माहीत नसतं की हे लोक काय करतात, कारण यांना निवडताना तुम्ही काय करणार असं आपण विचारतच नाही. टिचकीवर आलेला टिचकीवर पुढे जातो. प्रबंधही मग बऱ्याचदा तसाच होतो, प्रश्नावली, टक्केवारी, निष्कर्ष, शिफारशी.

केंद्राच्या परीक्षा बदलायला दिल्ली लागते. पण मुंबई, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर इथली राज्याची विद्यापीठं समाजशास्त्राच्या एम.ए.साठी सीयूईटीला बांधलेली नाहीत. कुठे पदवीच्या गुणांवर प्रवेश होतो, कुठे स्वतःची परीक्षा असते. त्यांना कुणी अडवलेलं नाही. येत्या जूनपासून एक दीड तासाचा पेपर ठेवावा, मराठी किंवा इंग्रजी, जसं जमेल तसं. घरून लिहून आणलेला निबंध आता चालणार नाही, कारण तो यंत्राने लिहिला की मुलाने हे कुणाच्याच बापाला सांगता येणार नाही. तेव्हा केंद्रावर, हाताने. प्रश्न असे: तुमच्या ओळखीच्या एका घरात तीन पिढ्यांत काम कसं बदललं ते लिहा आणि का बदललं याचा अंदाज बांधा. किंवा: तुमच्या गावात वा वस्तीत कोण कोणाकडे जेवत नाही, आणि हे तुम्हाला कसं कळलं? याची गाईडं निघायला दोन वर्षं लागतील, आणि निघाली तरी शेजारी बसलेल्या दोघांची उत्तरं एकसारखी येणार नाहीत. पेपरवर नावाऐवजी क्रमांक, दोन परीक्षक, त्यांच्या गुणांत मोठा फरक पडला तर तिसरा. उत्तरपत्रिकेची प्रत विद्यार्थ्याला मागितल्यावर मिळालीच पाहिजे.

अडचण येईल ती इथे. हे पेपर वाचायला माणसं हवीत, आणि आपल्या विभागांत पदं वर्षानुवर्षं रिकामी आहेत. अर्धं शिकवणं तासिका तत्त्वावरचे शिक्षक करतात, ज्यांना वर्गातल्या तासाचेच पैसे मिळतात, तेही महिनोन्‌महिने उशिरा. निबंध तपासणं हे त्यांच्या गळ्यात फुकट मारलं तर ते पाच मिनिटांत गठ्ठा संपवतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. तेव्हा विद्वत परिषदेत हा प्रस्ताव कुणी मांडलाच, तर दर उत्तरपत्रिकेमागे परीक्षकाला किती रुपये आणि किती दिवसांत, हे त्यात पहिल्याच कलमात लिहावं.